सात नंबरची खुर्ची

वेस्लीने सकाळपासून तिसऱ्यांदा चहा आणून ठेवला, तेव्हा सेलिनाने कप परत त्याच्याकडे सरकवला. एक्केचाळीस वर्षांच्या या बाप्याने आईला कधी साधं पाणी विचारलं नव्हतं. आता चहा काय, पायाखाली उशी काय. बरं, उमाळा आला तो कधी, तर उद्या तिची पोलिसांपुढे जबानी असताना.

"एवढा गोडवा मला पचत नाही," ती म्हणाली. "बस तिकडे."

तो बसला आणि अंगठ्याचं नख कुरतडू लागला. कॅरॅव्हॅनच्या खिडकीबाहेर इंग्लंडमधल्या लिंकनशायरची सपाट जमीन धुक्यात बुडाली होती. हंगाम संपला की जत्रेवाल्यांची सारी बिऱ्हाडं या तळावर उतरत. प्रत्येकाचं यंत्र ज्याच्या त्याच्या जागी ताडपत्रीखाली झाकलेलं असे. सेलिना-वेस्लीची जागा यंदा मोकळी होती. साखळ्यांना खुर्च्या टांगलेला त्यांचा गोल पाळणा पोलिसांनी ट्रकवर घालून नेला होता.

गेल्या मंगळवारी ती वेस्लीबरोबर त्याच्या वकीलबाईंकडे गेली होती. निष्काळजीपणाने माणूस मेलं की तुरुंग होतोच असं नाही, असं सांगत बाईंनी एकेक बोट मिटलं होतं. पाळण्यात बसणाऱ्याचा जीव चालवणाऱ्याच्या हाती, यात वाद नाही. तपासणीत वेस्लीने कसूर केली, यातही नाही. वर न चढताच त्याने तपासणीच्या वहीत सही ठोकली होती. साखळीची पिन तुटली, डोना नावाची बाई सात नंबरच्या खुर्चीसकट फेकली गेली आणि त्यातच गेली, हेही उघड. चौथ्या बोटाशी मात्र बाई थांबल्या. यात कोणाचा तरी जीव जाईल, हे त्या वेळी, त्याला जे ठाऊक होतं त्यावरून, कोणाही शहाण्या माणसाला स्पष्ट दिसलं असतं का? आणि दिसलं असतं, तर हयगय इतकी वाईट होती का, की ज्यूरीच्या बारा जणांनी तिला चूक न म्हणता गुन्हा म्हणावं?

पिन वरच्या जोडाच्या आतल्या बाजूला होती, बाहेरून दिसत नव्हती, असं वेस्ली म्हणाला होता. ते खरंच होतं.

पण ती ऐकू येत होती.

सेलिनाला अक्षरं जेमतेम येत. पाळणा मात्र ती कानाने वाचायची. चाळीस वर्षं तिकिटाच्या खिडकीत बसून कुठली साखळी तेल मागते, हे ती न बघता सांगे. अपघाताच्या दुपारी तिने वेस्लीला हाक मारून सांगितलं होतं, सात नंबर ठकठक करतोय, वर लोखंडावर लोखंड आपटतंय. त्याच्या हातात बेकनचा पाव होता. दुसऱ्या हाताने त्याने साखळीला खालूनच हिसका दिला, गर्दी ओसरली की बघतो म्हणाला, आणि पुढच्या खुर्चीकडे वळला.

आणि त्यांच्या घरची रीत अशी, की मालकिणीने खिडकीतून घंटा दिल्याशिवाय पाळणा हलत नाही. सासूने मरताना ती घंटा सेलिनाच्या हाती दिली होती. डोना शाळेत मुलांना जेवण वाढायची, एकतीस वर्षांची. तिने खिडकीशी वाकून विचारलं होतं, फार उंच जातो का हो? बस गं, पोरंटोरं बसतात, असं सेलिनाने तिला म्हटलं होतं. मग घंटा दिली होती.

आपण दिलेल्या घंटेचं काय, असं तिने मंगळवारी विचारलं, तेव्हा वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यासाठी तुम्ही तुमचा वेगळा वकील बघा, आणि माझ्यासमोर आता काही बोलू नका, एवढंच त्या म्हणाल्या.

"आई," वेस्लीने घसा खाकरला. "गाणी किती मोठ्याने लागली होती. तुला काही ऐकू आलं नाही म्हणालीस, तर कोण खोटं पाडणार? सत्त्याहत्तर वर्षांचे कान."

"माझ्या कानांना नावं ठेवू नकोस."

"नावं नाही ठेवत. तू मला सांगितलंस, हे तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला माहीत नाही." तो खाली बघत राहिला. "आणि मी काय एकट्यासाठी सांगतोय? घंटा कोणी दिली, हेही विचारतील ना."

म्हणजे याने तिची घंटाही हिशेबात धरून ठेवली होती. बाहेर कोणाचा तरी कुत्रा दोनदा भुंकून गप्प झाला.

"वर बघ, वेस्ली," ती म्हणाली. "न बघता सही केलीस, ती चूक म्हणू. पण सांगितल्यावरही तू वर चढला नाहीस, तो गुन्हा आहे. ऐकूनही मी डोनाला बसवलं, तो माझा. उद्या मी दोन्ही सांगणार."