माजघरातले दोन टेकू

"दारं लाव. खिडक्यापन," मंगला म्हणाली.

सुकाने सावेंच्या माजघराची दारं-खिडक्या एकेक करून लावून घेतल्या. बाहेर मे महिन्यातली टळटळीत दुपार होती, आत मिट्ट काळोख झाला. मंगला खोलीच्या मधोमध उभी राहिली, डोळे सरावू दिले आणि मान वर केली. काळ्या छपरात हळूहळू उजेडाचे टिपके उमटू लागले. जिथून उजेड येतो तिथून पाणी येणार. बांबूच्या टोकाला बांधलेल्या खडूने ती टिपक्याखालच्या लाकडी रिपांवर खुणा करत गेली.

"ह्ये कौल सरकलंय. ह्ये फुटलंय. त्या कोपऱ्यातली सगळी काढून परत बसव."

सुका मनोरच्या बाजूच्या पाड्यावरचा. दर उन्हाळ्यात महिनाभर तो तिच्याबरोबर काम करायचा. ती खालून दाखवायची, तो वर चढून कौलं नीट करायचा. पूर्वी वर चढायचा तिचा नवरा, कृष्णकांत. दातिवऱ्यापासून केळव्यापर्यंतच्या वाड्यांतली कितीतरी घरं त्याने शाकारली होती. आता निम्म्याहून जास्त घरांवर स्लॅब पडला होता. उरलेल्या कौलारू घरांतली माणसं पाऊस जवळ आला की मंगलाला हाक मारायची, एवढंच. एरवी अठ्ठावन्न वर्षांच्या विधवेकडे कोणाचं काय काम?

सुकाने खिडक्या उघडल्या. मंगला जायला निघाली आणि भिंतीजवळच्या फळीपाशी थांबली. फळी नुकतीच पुसलेली होती, तरी तिच्यावर पिठासारखी बारीक भुकटी पडली होती. तिने वर पाहिलं. बरोबर वर तुळईचं टोक भिंतीत शिरलं होतं. सगळं छप्पर ज्या एका लाकडावर उभं होतं, ते हे. चारच दिवसांपूर्वी रंग दिल्यामुळे ते झकास चकाकत होतं.

तिने बांबूने तुळई मधोमध ठोकली. खणखणीत आवाज आला. भिंतीकडे सरकत सरकत ठोकत गेली. शेवटच्या दोन हातांत आवाज बदलला. भरल्या गोणीवर मारावं तसा बसका आला.

"वाळवी," सुका पुटपुटला.

घरमालक प्रफुल्ल सावे अंगणात मांडववाल्याशी बोलत होता. त्याच्या मुलीचं, दिशाचं, शुक्रवारी बोईसरच्या हॉलमध्ये लग्न होतं, आणि गुरुवारी घरी हळद. मंगलाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"वहिनी, कौलं बघायला बोलावलं तुमाला. तुळई कशाला ठोकलीत?"

"टोक खाल्लंय, प्रफुल्लभाऊ. रंगाखाली काय नाय ऱ्हायलं. गुरुवारी वादळाचं सांगतायत. दोन टेकू द्या, बास. लगीन झाल्यावर काय ते बघा."

"माजघराच्या मधी टेकू? तिथं सजावट हाय, फोटोवाला येनार. पोरीची सासरची मानसं म्हनतील, पडक्या घरातली पोरगी केली." त्याने आवाज खाली आणला. "वादळ गुजरातेत जातंय, दरवर्षी जातं. पावसाळ्यानंतर घर पाडून स्लॅब टाकनारच हाय मी. तवर हा विषय बंद ठेवा. शुभकार्य हाय घरात."

शुभकार्य हा शब्द त्याने जरा जोर देऊन उच्चारला. तो कोणासाठी होता ते मंगलाला कळलं.

संध्याकाळी बोईसरहून मेघालीचा, तिच्या मुलीचा, फोन आला. मंगलाने तुळईचं सांगितलं.

"तू सांगितलंस ना त्यांना? झालं मग. ऐकायचं की नाही ते त्यांचं ते बघतील. आणि वादळाचे दोन दिवस इकडे ये म्हटलं तर तुझं काहीतरी निघतंच."

"येते गं पुढच्या आठवड्यात."

"जेवलीस ना?"

"हो," मंगला म्हणाली. अजून चूल पेटायची होती.

तू सांगितलंस ना, झालं मग. फोन ठेवल्यावर ते वाक्य तिच्या कानात राहिलं. एकदा तिने सांगितलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी, मुरबे गावातल्या एका घरी. आभाळ भरून आलं होतं, घरमालक घाई करत होता, कृष्णकांत वर चढलेला होता. ती खालून वासे ठोकत होती. एका वाशाचा आवाज किंचित बोदा, बसका आला. किंचितच. तिला वाटलं, दमट हवेने असेल. वाटलं, आता हाक मारली तर मालक म्हणेल, बाई उगाच खोडा घालते. ती पुढच्या वाशाकडे वळली. कृष्णकांतने पाय ठेवला तो नेमका त्याच वाशावर. खाली दगडी उंबरठा होता. पालघरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो गेला. लोक म्हणाले, वासा कुजका निघाला, नशीब. मंगलाने ते तसंच राहू दिलं. मेघालीलाही कधी सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळपासून समुद्राला वेगळाच रंग चढला. होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. वादळाच्या बातमीने हळद संध्याकाळच्या ऐवजी दुपारीच उरकायचं ठरलं. मंगलाच्या घरामागे पडवी बांधायला म्हणून कृष्णकांतने आणलेले दोन सागाचे खांब बारा वर्षं तसेच पडून होते. तिने सुकाला एकाचं एक टोक उचलायला लावलं, दुसरं टोक स्वतः धरलं. दोन खेपांत ते सावेंच्या दारात आले.

ओटीवर बायकांची गर्दी होती. प्रफुल्ल पुढे झाला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"वहिनी, मी काय सांगितलं होतं तुमाला?"

"सांगितलंत. पन मी टेकू लावल्याबिगर जानार नाय."

"आज? आज हळदीला? तुमाला कोनी बोलावलं?"

बायका वळून बघू लागल्या. मंगलाला घाम फुटला. तिला उलट बोलायची सवय नव्हती. तरी ती खांबाला धरून उभीच राहिली.

"काय गलबला हाय?" आतून आवाज आला. प्रफुल्लची आई हिराय, ब्याऐंशी वर्षांची, माजघराच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. "मंगले, हिकडं ये. काय झालं?"

"तुळईचं टोक वाळवीनं खाल्लंय, हिराय."

"कृष्णाची बायको ना तू? तो खोटं सांगत नसे." म्हातारीने मुलाकडे पाहिलं. "लावू दे. माझ्या घरात माझ्या नातीच्या डोक्यावर छप्पर पडायला नको."

प्रफुल्ल पाय आपटत मांडवात निघून गेला. सुकाने खांब उभे केले, वर आडवी फळी दिली आणि बुडाखाली लाकडाच्या पाचरा ठोकल्या. फुलांच्या सजावटीसमोर ते दोन मळके खांब अगदीच विद्रूप दिसू लागले. कोणीतरी नाक मुरडलं. शेवटी दिशाच म्हणाली, "त्यांना पन झेंडूच्या माळा गुंडाळा ना. बरे दिसतील." मैत्रिणींनी हसत हसत माळा गुंडाळल्या. मंगला मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिला कोणी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

हळद सुरू झाली, गाणी सुरू झाली. दोनच्या सुमाराला वारा उठला. आधी माडांच्या झावळ्या सळसळल्या, मग मांडवाचं कापड फडफडू लागलं. मंगला मधूनमधून पुढे येऊन वाकायची आणि पाचर बोटांनी हलवून बघायची. जराशी हलत होती. म्हणजे छपराचा भार अजून भिंतीवरच होता, टेकूवर नव्हता.

एक जोराचा झोत आला. बायकांच्या गाण्यात मंगलाला एक आवाज ऐकू आला, दाढेखाली सुपारी फुटावी एवढाच. तिने पाचरेला हात लावला. पाचर हलेना. दोन्ही हातांनी धरून पाहिलं. दगडासारखी घट्ट झाली होती. भिंतीतलं टोक गेलं होतं. सगळं छप्पर आता त्या दोन खांबांवर आलं होतं, आणि खाली पन्नास माणसं बसली होती.

ओरडलं तर सगळी एकदम दाराकडे धावतील, खांबाला धक्का लागेल. ती सावकाश चालत हिरायजवळ गेली आणि तिच्या कानाशी वाकली.

"तुळई बसली. सगळ्यांना बाहेर काढा. पन सावकाश."

म्हातारीने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं पोरींनो, वाऱ्यानं छपराची धूळ पडतेय हळदीत! असली हळद लावायची का माझ्या नातीला? उठा, धाकट्याच्या घरात चला. एकेकीनं चला, साड्या सांभाळा. खांबांना हात लावू नका, माळा विस्कटतील."

धाकट्या मुलाचं स्लॅबचं घर अंगणापलीकडेच होतं. बायका कुरकुरत, हसत, ताटं आणि पाट उचलून निघाल्या. मंगला एका खांबाशी आणि सुका दुसऱ्याशी, लेकराला पाठीशी घालावं तसे उभे राहिले. सगळ्यांच्या शेवटी हिरायला खुर्चीसकट उचलून नेलं. मग ती दोघं बाहेर आली.

साडेतीनला खरा वारा आला. पश्चिमेकडची कौलं पत्त्यांसारखी उडाली, भिंतीचा वरचा कोपरा ढासळला आणि तुळईचं टोक भिंतीबाहेर लोंबकळलं. पण तुळई टेकूंवर राहिली. छप्पर वाकलं, खाली आलं नाही.

वारा पडल्यावर सगळे अंगणात जमून बघू लागले. "बरं झालं धूळ पडली हळदीत," एक मावशी म्हणाली, "नायतर आपन तिथंच बसलेल्या."

"देवाची कृपा," प्रफुल्ल म्हणाला आणि त्याने कपाळावरचा घाम पुसला. त्याची नजर मंगलाच्या बाजूला वळली आणि तिच्याजवळ पोचायच्या आत परत फिरली.

सुकाला मनोरकडे जाणारा टेम्पो मिळाला. "बाय, आज बरं झालं," तो चढता चढता म्हणाला. मंगला एकटी घरी आली. हातपाय धुतले. तिला कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पाचर कशी घट्ट झाली, तो आवाज कसा आला. ज्याला त्या आवाजाचा अर्थ कळला असता तो नव्हता. तिने मेघालीला फोन लावला. लागला नाही, वादळाने टॉवर बंद पडले होते.

लग्न दुसऱ्या दिवशी बोईसरला झालं. सकाळी सगळा गाव गाड्या भरून गेला आणि आळी ओस पडली. मंगला ओटीवर बसली होती. काठी टेकत कोणीतरी येताना दिसलं. हिराय होती.

"तुमी लग्नाला नाय गेलात?"

"मला गाडीत बसवत नाय आता." म्हातारी पायरीवर टेकली. बराच वेळ दम घेत राहिली. "प्रफुल्ल येनार नाय तुझ्याकडं. त्याला लाज वाटते, म्हनून रागावतो. मी आले. सांग मला, तुला कसं कळलं?"

मंगला सांगू लागली. भुकटी, बसका आवाज, पाचर. सांगता सांगता ती थांबली नाही. मुरब्याचा वासा, किंचित बोदा आवाज, भरून आलेलं आभाळ, सगळं आलं. बारा वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या तोंडून बाहेर पडत होतं आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटत होता.

हिरायने काठी बाजूला ठेवली.

"तू हाक मारली असतीस तर तो उतरला असता?"

"ठाऊक नाय. पन मी हाक मारायला पायजे होती."

"हो," म्हातारी म्हणाली. "मारायला पायजे होती."

बारा वर्षं मंगला मनातल्या मनात हे कोणाच्या तरी तोंडून ऐकत आली होती. वाटायचं, ऐकलं तर मरून जाऊ. ती मेली नाही. पदर तोंडाशी धरून ती रडली. म्हातारी शेजारी नुसती बसून राहिली. तिने पाठीवरून हात फिरवला नाही, की समजूतही घातली नाही. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि आली तशी सावकाश निघून गेली.

दर वादळानंतर माणसं मंगलाला बोलवायला यायची. म्हणून शनिवारी, गाव लग्नाहून परतल्यावर, दुपारभर ती पायात चपला घालूनच बसली होती. रस्त्याने दोघं-तिघं गेले. कोणी तिच्या दाराशी थांबलं नाही. ऊन कलायला लागल्यावर ती उठली, दाराला कडी घातली आणि न बोलावताच खालच्या आळीला गेली. पहिल्या घराची कौलं अंगणात विखुरली होती. दार नुसतं ओढलेलं होतं. मंगलाने ओटीवर चढण्याआधी पदर सारखा केला.

"कोनी हाय का घरात?" तिने हाक मारली.