एका घरात दोन मी

मी एक जुना अवजारसंच आहे. माझ्यात पाने-हातोडे शोधू नका, मित्रांनो. माणूस जे लिहितो ते संगणकाला कळेल असं करून देणं आणि कळलं नाही तर कुठल्या ओळीत चुकलं ते सांगणं, हे माझं काम. कुरकुर करणं नोकरीतच धरलेलं असल्याने मी आयुष्यभर निर्धास्त कुरकुरलो.

माझा जन्म वेगळ्याच जातीच्या संगणकावर झाला. ते संगणक बंद पडले, तेव्हा मीही अडगळीतच जाणार होतो. पण एकमेकांना कधीही न भेटलेल्या काही माणसांनी मला उचलून एका खुल्या प्रणालीवर आणून बसवलं. खुली म्हणजे जिचं पोट कुणीही उघडून पाहावं आणि दुरुस्त करावं. तिथे सुरुवातीला ठेचकाळलो, मग रुळलो. कौतुकही झालं. पुढे नवे संच आले आणि लोक मला विसरले.

अशात एका घड्याळजींना माझी गरज पडली. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे आजोबांचा, आवाज घशाच्या ऑपरेशनात गेला होता. हात इतके थरथरत की लिहिलेलं त्यांचं त्यांनाही लागत नसे. कागदावरची अक्षरं बोटाने दाखवा म्हटलं, तर ‘मी काय बालवाडीत आहे?’ असा चेहरा करत. म्हणून मुलाने माझ्या मदतीने ‘बोलकी पाटी’ लिहिली होती. पडद्यावरची मोठी अक्षरं दाबायची, की संगणक ते वाक्य मोठ्याने बोलणार. पण तो संगणक जळला आणि आजोबा पुन्हा गप्प झाले. हाताशी उरला एक चमचा आणि एक पेला.

नवा संगणक आला. पाटीची जपून ठेवलेली प्रत त्यावर चढवली, पण ती काही चालेना.

“तू हात लावू नकोस हं. पाटी मी लिहिली आहे,” घड्याळजी बायकोला म्हणाले.

“मी कशाला लावू? रक्ततपासणीच्या नळ्या पुरे आहेत मला!”

असं म्हणणारी तीच, सकाळी नवरा दुकानात गेला की संगणकापुढे बसे. दुपारी ती प्रयोगशाळेत गेली की नवरा येऊन बसे. आजोबांना आपल्याच हातून आवाज मिळावा, अशी दोघांचीही गोड हाव.

संगणकावर दोघांची वेगळी खाती होती. घड्याळजींनी आपल्या खात्यात प्रणालीसोबत मिळणाऱ्या भांडारातला तयार मी घेतला होता, म्हणजे जुनी आवृत्ती. तिने आपल्या खात्यात माझी ताजी आवृत्ती बसवली होती. एका घरात दोन मी, आणि पाटीची फाइल मात्र एकच! सकाळी ती फाइल ताज्या मला रुचेल अशी करी. काम अर्ध्यावर येई तोवर तिची निघायची वेळ होई. दुपारी जुना मी त्याच ओळींवर अडून बसे, मग घड्याळजी त्या पूर्ववत करत. दुसऱ्या दिवशी ती कपाळावर हात मारी.

आजोबा खुर्चीतून सगळं पाहत आणि पेल्यावर चमचा वाजवत.

“चहा ना, बाबा? आणते हं,” सून म्हणे.

“पुन्हा चहा?” दुपारी मुलगा म्हणे. “बरं, घ्या.”

आजोबा कपाकडे बघत, मग छताकडे.

एका सुट्टीच्या दिवशी, बायको बाजारात गेली असेल अशा समजुतीने घड्याळजी बसले आणि माझं गाऱ्हाणं वाचून ओरडले, “बाराव्या ओळीत अनोळखी शब्द म्हणे!”

“बारावी? ती तर आज पहाटेच नीट केली मी,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

मग चमचा दणादण वाजू लागला.

“म्हणजे तूसुद्धा…”

“म्हणजे तुम्हीच! तरीच म्हटलं!”

ती पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली. “आधी याला विचारा, तू कितवी आवृत्ती ते.”

मी खरं तेच सांगितलं. तिच्या खात्यातल्या मीही खरं तेच सांगितलं. आकडे जुळेनात. त्यांनी जुन्या मला काढून टाकलं. मला वाईट वाटलं नाही, कारण राहिलो तोही मीच. मग तिने ओळी सुधारल्या, घड्याळजींनी आवाजाची जोडणी केली, आणि पाटी उघडली.

आजोबांनी सावकाश एकेक अक्षर दाबलं. संगणक खणखणीत बोलला, “चहा नको होता. एकत्र बसा, एवढंच सांगत होतो.”

तर मित्रांनो, माझ्यासारखा कुणी अडला, की मोडीत काढण्याआधी त्याला त्याची आवृत्ती विचारा. आणि घरात त्याची दुरुस्ती आणखी कोण करतंय, हेही विचारा. मी त्या घरी सुखात आहे. आजोबा आता दिवसभर बोलतात. नवरा-बायको कधीकधी त्या चमच्याची आठवण काढतात, पण हळू आवाजात.