राहीबाईची नोट

“आकारामशेठ, ही नोट मांडता यायची नाही आपल्याला.”

गोपाळकृष्णांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि आवाज खाली आणला. सांगलीतल्या त्या मंगल कार्यालयात सकाळपासून टेबलं लागत होती. कुणाची जुनी नाणी, कुणाची टपाल तिकिटं. दाराजवळचं मानाचं टेबल यंदा आकारामचं होतं. त्यावर बत्तीस परदेशी नोटा ओळीनं लावल्या होत्या. सगळ्या मोठमोठ्या रकमांच्या, सगळ्या तपासून, प्लॅस्टिकच्या पाकिटात सीलबंद करून, वर तपासणाऱ्या कंपनीचा नंबर असलेल्या.

“हा पक्षी बघा. नोट तिरकी धरली की त्याचा रंग बदलायला हवा. बदलत नाही. आणि पाकिटावरचा नंबर मी मोबाइलवर तपासला. तो दुसऱ्याच नोटेचा आहे. नोटही खोटी, सीलही खोटं.”

“ठावं हाय मला,” आकाराम म्हणाला.

गोपाळकृष्ण त्याच्याकडे बघतच राहिले. बँकेतून निवृत्त झालेले सरळमार्गी गोपाळकृष्ण गेली सहा वर्षं हे प्रदर्शन भरवत होते. आकारामसारखा काटेकोर संग्राहक त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

आकाराम मूळचा आटपाडीकडचा. एकोणिसाव्या वर्षी गलाईच्या धंद्यात तमिळनाडूत सेलमला गेला आणि सोनं गाळता गाळता चाळीस वर्षं तिथंच राहिला. दगडावर दागिन्याची रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब सोडायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं, चोख आहे की नाही. दागिना घेऊन आलेली बाई रडली तरी त्यानं पितळेला कधी सोनं म्हटलं नाही. नोटांचा नाद तिथंच लागला. एका गिऱ्हाइकानं युगोस्लाव्हियाची पाचशे अब्जांची नोट दाखवली आणि हसत सांगितलं, हिच्यात पुढंपुढं पावही येत नव्हता. गुंजेगुंजेला भांडणारी माणसं रोज बघणाऱ्या आकारामला ती नोट रात्रभर डोळ्यांपुढून हलेना. तेव्हापासून तो अशा नोटा घेऊ लागला, पण प्रमाणपत्राशिवाय एकही नाही. “सोनं आगीत घालून बघता येतंय,” तो म्हणायचा, “कागद कसा घालायचा?”

आणि आता त्याच माणसानं खोटी नोट मधोमध मांडली होती.

“अहो, एवढी एकच काढा,” गोपाळकृष्ण म्हणाले. “एकतीस नोटा अस्सल आहेत. मी कुणाला बोलणार नाही.”

“माझी बहीण येतीय बघायला. तिनं दिल्याली हाय.”

“मग खरं काय ते सांगा त्यांना.”

“खरं एकदा सांगून झालंय, साहेब.”

बेचाळीस वर्षं झाली त्याला. राहीबाईचं लग्न जतकडं ठरलं होतं. मांडवात सासरच्यांनी तिच्या गळ्यात बोरमाळ घातली. धंद्यात मुरू लागलेला आकाराम पुढं झाला, खिशातल्या दगडावर एक मणी घासला आणि चारशे माणसांपुढं बोलला, “पितळ हाय ह्ये. वर सोन्याचं पाणी दिलंय.” सासऱ्याची मान खाली गेली. लग्न झालं, पण ती मान पुन्हा वर आली नाही, आणि त्याचं उट्टं राहीबाईवर निघालं. अकरा वर्षं तिला माहेरी धाडलं नाही. आई गेली तेव्हाही ती पोचली ती तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर. भावाला तिनं कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाली होती, “दादा, बोललास त्ये खरंच हुतं. पर भोगलं म्या.”

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तिनं पदराआडून ही नोट काढून त्याच्या हातात ठेवली होती. शंभर ट्रिलियन, एकावर चौदा शून्यं. झिम्बाब्वेची. दादाकडं ही नाही, हे तिनं कुठंतरी ऐकून ठेवलं होतं. तीन मेंढ्या विकून तिनं फौजेतल्या लेकाला, तानाजीला, पैसे धाडले आणि त्यानं मोबाइलवरनं कुठल्याशा विक्रेत्याकडून मागवली. हातात घेताच आकारामला कळलं होतं. राहीबाई त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती. “चोख हाय,” तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

आता फक्त तिची नोट काढली आणि बाकीच्या ठेवल्या, तर निकाल तिला न सांगताच कळला असता.

“साहेब, माझं नाव यादीतनं काढा,” आकाराम म्हणाला.

“अहो, उद्घाटनाला पाहुणे येतायत. वर्षभर वाट बघितलीत तुम्ही!”

 आकारामनं एकेक नोट उचलून अल्बममध्ये घातली. राहीबाईची सगळ्यांत आधी, पहिल्या पानावर. मग टेबलावरची नावाची पट्टी गोपाळकृष्णांनी स्वतःच उचलली.

अकराच्या सुमारास राहीबाई आली. जतच्या एसटीतनं उतरून चालत आलेली, हातात कापडी पिशवी. आकाराम आवारातल्या बाकावर बसला होता.

“ह्ये काय, भाईर? आत न्हाई मांडलं व्हय?”

“आत लय गर्दी हाय. म्हटलं, तुला निवांत दावावं.”

ती शेजारी टेकली. त्यानं अल्बम तिच्या मांडीवर ठेवला. तिनं हात पदराला पुसले आणि पाकिटाच्या कडेला बोट लावलं.

“दादा, खरी हाय न्हवं? तानाजी म्हनला, मोबाइलवर लय फसवत्यात.”

आकारामनं तिच्या डोळ्यांत बघितलं. “चोख हाय, राही.”

तीही त्याच्याकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग “बरं” म्हणाली आणि नजर खाली वळवली.

आत टाळ्या वाजल्या, समई पेटली असावी. आकारामनं मान वळवली नाही.

“दगडावर दगड रचल्यात की,” ती नोटेवरच्या चित्राकडं वाकून म्हणाली. “आपल्या माळागत.”

“मागनं बघ.”

त्यानं पाकीट काढून उलटं केलं. मागं एक रानरेडा होता आणि बाजूला कड्यावरून कोसळणारा प्रचंड धबधबा.

राहीबाईच्या गावात टँकर चौथ्या दिवशी यायचा. तिनं पाकीट उन्हाच्या बाजूला धरलं, डोळ्यांजवळ नेलं.

“आगं बया,” ती हळूच म्हणाली, “पानी बघ किती.”

आणि कितीतरी वेळ ती त्या पाण्याकडं बघत बसली.