हत्तीण, बकरी आणि मेव्हणेबुवा

आमचे हे खडीत गुडघे टेकून बसले होते. डाव्या हाताने खेळण्यातल्या गाडीच्या रिमोटचा घोडा दाबत होते आणि उजव्या हातातल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने इंजिनाची सुई आवळत होते. माझा भाऊ त्यांच्या मागे उभा होता, हात त्यांच्या खांद्यावर अधांतरी धरून. इंजिनाचा सूर चढत चढत नेहमीच्या जागी आला. आता हात पडेल, असं मला वाटलं. पडला नाही. सूर आणखी वर गेला, पातळ झाला, डासासारखा कानात घुसायला लागला, आणि मग कुठे भावाने ह्यांचा खांदा थोपटला. हे तिथल्या तिथे थांबले.

"अरे, जास्त झालं!" हातात थर्मास धरून मी ओरडले.

"काय म्हणतेय ती?" ह्यांनी मान वळवून विचारलं.

भाऊ त्यांच्या कानाशी वाकला. "चहा थंड होतोय म्हणते."

"होऊ दे," हे म्हणाले आणि हसले. त्या दिवशी चहाच काय, जेवणही सुचणार नव्हतं त्यांना.

मी कडेच्या उंचवट्यावरून तरातरा खाली उतरले तर भावाने मला वाटेतच गाठलं. "ताई, आज हवा दमट आहे. जरा जास्त आवळावीच लागते. तू उगाच त्यांना घाबरवू नकोस." तो इतक्या सहज बोलला की मी थर्मास घेऊन परत फिरले. इतक्या रविवारांत माझे कान तयार झाले होते हे खरं, पण हवेतला दमटपणा मला काय कळणार?

आता या गाड्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारपणी खेळण्यांसाठी कसलं एवढं महाभारत! मीही आधी तेच म्हणत असे. आमचे हे आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले. आठवडाभर अंधाऱ्या बोगद्यात लोंबकळायचं, फक्त वर जायचं आणि खाली यायचं. म्हणून रविवारी ह्यांना मोकळं मैदान लागायचं आणि चहूदिशांना उधळणारं काहीतरी लागायचं. मग घरात ही गाडी आली. गुडघ्याएवढी उंच, चाकं भोपळ्यासारखी, आणि पोटात खरंखुरं इंजिन. पेट्रोल नाही, नायट्रोचं वेगळं इंधन. दोरी ओढली की ती खोकते, मग गुरगुरते, मग निळसर धूर सोडत दगडधोंड्यांतून अशी सुटते की समोरच्याने पाय उचलून घ्यावेत. एकदा मी म्हटलं, बॅटरीवाली घ्या, घरात वास तरी येणार नाही. तर म्हणाले, "ती गाडी नाही गं, तो मिक्सर आहे."

ह्यांचं बघून माझ्या भावाने दुसरी घेतली. आईबाबा गेल्यावर तो आमच्याकडेच राहून शिकला, आमच्याच घरातून नोकरीला लागला, आमच्याच दारातून त्याची वरात निघाली. हे त्याला लाडाने मेव्हणेबुवा म्हणत. मेव्हणेबुवांची गाडी हलकी होती, तिचं नाव मी बकरी ठेवलं. ह्यांची भारदस्त, ती हत्तीण. बंद पडलेल्या खडीच्या खाणीत दर रविवारी दोघींची तुलना चाले. सपाटीवर बकरी पुढे. उंचवट्यावरून उडी मारायची तर बकरीच मारायची, पण उतरताना हमखास पाठीवर पडून चाकं फिरवत राहायची. हत्तीण उडी मारायला नाखूश, पण सुट्या खडीचा चढ तिने चढावा. चिखलात बकरी रुतली की हत्तीण तिच्या आजूबाजूने मुद्दाम दोन चकरा मारायची. "मेव्हणेबुवा, फावडं आणू का?" हे विचारायचे. "भावोजी, तुमची म्हातारी आधी पळवून दाखवा," तो म्हणायचा. घरी येताना दोघांच्याही तोंडाला काळं आणि माझ्या डोक्याला ताप.

या इंजिनाचा सगळा जीव त्या सुईत. सैल राहिली तर इंजिनात इंधन जास्त जातं, गाडी सुस्तावते. जास्त आवळली तर इंजिन उपाशी राहतं, आधी जोरात पळतं आणि मग आतल्या आत भाजून मरतं. नेमकी जागा कानाने शोधायची असते. आणि आमच्या ह्यांचे कान लिफ्टच्या मशीनरूमने खाल्ले होते. जाड आवाज त्यांना व्यवस्थित ऐकू यायचा. बारीक आवाज गेलेला. चिमण्या ओरडायच्या बंद झाल्या असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं. हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. म्हणून ही थोपटण्याची पद्धत पडली. हे सुई फिरवायचे, भाऊ मागे उभा राहून ऐकायचा, आणि सूर लागला की खांद्यावर थोपटायचा. कुणी बघितलं तर वाटावं, मेव्हणा कौतुक करतोय. इतकं सुंदर झाकलं होतं त्याने ह्यांचं उणं. मी मनातल्या मनात कितीदा त्याची दृष्ट काढली असेल!

खाण आता एका दुकानदाराने चालवायला घेतली होती. या गाड्या विकणारा तरुण माणूस, बोलायला गोड. लोकांना गाड्या भाड्याने द्यायच्या, शिकवायचं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्ती करायची, असा त्याचा बेत होता. शेड सांभाळायला त्याला माणूस हवा होता. ह्यांचे गुडघे गेल्यापासून कंपनीने त्यांना तक्रारी घ्यायला फोनवर बसवलं होतं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला फोनवर! रोज घरी येऊन नुसते भिंतीकडे बघत बसायचे. शेडचं ऐकलं त्या रात्री मात्र त्यांनी कागदावर कपाटं कुठे लावायची ते काढलं, मला उठवून दाखवलं. "इथे खिडकीपाशी तुझी खुर्ची," म्हणाले.

दुकानदाराचं म्हणणं सरळ होतं. सगळ्या गाड्या एकाच जातीच्या घेणार, म्हणजे सुटे भाग एकच. हत्तीण आणि बकरी, दोघींना सगळ्यांसमोर दिवसभर पळवू. जी टिकेल त्या जातीच्या गाड्या, आणि तिच्या मालकाकडे शेड. भाऊ तेव्हा ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला होता, "भावोजी, शेड तुमचीच. मला नोकरी आहे. मी आपला जोडीला पळतो."

तर असा तो दिवस. सकाळी सपाटीवर बकरी जिंकली, चढावर हत्तीण. चिखलात कोण जिंकलं ते विचारायलाच नको; बकरी हाताने उचलून काढावी लागली. जमलेली माणसं टाळ्या वाजवत होती, दुकानदार मान डोलवत होता. शेवटची परीक्षा लांब पल्ल्याची होती. टाक्या भरून घ्यायच्या, थांबायचं नाही, उन्हात खाणीला फेऱ्या मारत राहायचं. त्याआधी हत्तिणीची सुई पुन्हा लावली, ती मी सुरुवातीला सांगितली तशी.

हत्तीण सुटली ती बाणासारखी. इतक्या वेगात ती कधीच पळाली नव्हती. लोक ओरडले. मी मात्र थर्मास खाली ठेवून पुढे सरकले, कारण तिचा तो किरकिरा सूर कमीच होत नव्हता. मी भावाकडे पाहिलं. तो बकरीकडे बघत होता, नको तितकं मन लावून. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हत्तिणीच्या मागे बघत होते, डोळे बारीक करून, आणि एकदा त्यांनी घोड्यावरचं बोट सैल सोडलं. मग भावाकडे एक नजर टाकली आणि पुन्हा दाबलं.

चढावर, जिथे ती कधी अडली नव्हती तिथे, हत्तीण किंचाळली आणि थांबली. हे गुडघ्यांची पर्वा न करता खडीतून वर गेले. दोरी ओढली. दोरी हलेचना. बकरी टुणटुण उड्या मारत बाजूने निघून गेली.

दुकानदार जवळ आला. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत बोलायला लागला, आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की याला कुणीतरी सांगितलंय. "काका, कानाचं आधी बोलायचं ना. तुमचे मेव्हणे परवा म्हणाले म्हणून कळलं. तुम्हाला सूर ऐकू येत नाही, सुई चुकणारच. यात लाज कसली?"

सगळे ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांनी हत्तीण उचलून छातीशी धरली. गरम इंजिनाचा चटका बसला असेल, पण हलले नाहीत. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले. "माझ्याच हाताने आवळली."

मी भावाला शेडच्या मागे गाठलं.

"तुझा हात का थांबला होता रे?"

"ताई, काहीतरीच काय!"

"मी ऐकलंय. मी ओरडले, तर तू चहाचं सांगितलंस. माझ्या तोंडचे शब्द बदललेस तू, आणि तेही त्यांच्या कानात."

तो थोडा वेळ पायाने खडी उकरत राहिला. लहानपणी काच फोडल्यावर उकरायचा तशीच. "माझी नोकरी जाणार आहे," म्हणाला. "आमचं शोरूम बंद होतंय. घरात बाळ येणार आहे. भावोजींना शेड हौसेसाठी हवी होती, ताई. मला पोटासाठी."

"मग मागायची होतीस!" माझा आवाज फुटला. "एका शब्दाने मागितली असतीस तर त्यांनी हसत दिली असती. वर कपाटंसुद्धा लावून दिली असती, गाढवा!"

खरं म्हणजे त्याने मागितली नाही, हेच मला सगळ्यात जास्त लागलं. हे देतील हे त्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? आमच्याकडे वाढला तो. पण मागितली असती तर उपकार राहिले असते. त्यापेक्षा जिंकलेली बरी, असा त्याने हिशेब केला, आणि त्या हिशेबात माणूस भाजला तरी चालेल असं ठरवलं.

संध्याकाळी ह्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर पसरली आणि इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते, मांजराने नख मारावं तसे. ते बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत बसले.

"धूर दिसत नव्हता," हे एकदम म्हणाले. "चांगल्या इंजिनाचा धूर मागे राहतो. पहिल्या फेरीतच बघितलं मी, धूर नव्हता."

"मग थांबवली का नाही?"

"त्याने थोपटलं होतं ना."

स्वतःच्या डोळ्यांना समोर दिसत होतं, तरी या माणसाने त्या हातावर भरवसा ठेवला होता.

"तू तेव्हा काय ओरडली होतीस गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "चहाचं नव्हतं. चहासाठी तू एवढी ओरडत नाहीस."

खोटं बोलायचं अगदी ओठावर आलं होतं. माझा सख्खा भाऊ, माहेर म्हणून उरलेला एवढा एकच. पण आज त्यांच्या कानाशी एक खोटं बोलून झालं होतं. दुसरं मी बोलणार नव्हते. त्यांच्या समोर बसले, ओठ स्पष्ट दिसावेत अशी, आणि म्हणाले, "जास्त झालं, असं ओरडले होते."

त्यांनी मान डोलावली. चष्मा काढला, चादरीच्या कोपऱ्याने पुसला, पुन्हा घातला. मग सगळे स्क्रू एका वाटीत गोळा केले आणि म्हणाले, "त्याच्या बायकोला यातलं काही कळू देऊ नकोस. ती अवघडलेली आहे." त्यांच्या या चांगुलपणाचा मला तेव्हा खरंच राग आला. दोन शिव्या घातल्या असत्या तर माझ्या जिवाला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी बेल वाजली. मी दार उघडलं. भाऊ होता, हातात नव्या पिस्टनचा डबा घेऊन. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. दुकानदाराने त्याच्या हवाली केलेल्या शेडमध्ये गाड्या आणून टाकल्या होत्या आणि त्यातल्या एकीचीही सुई धड लागत नव्हती, असं तो घाईघाईने सांगायला लागला. मग मध्येच थांबला.

"भावोजी आहेत?"

मी मागे वळून पाहिलं. हे खाली बसून हत्तिणीच्या चाकातलं बेअरिंग ठोकून काढत होते. बेल त्यांना ऐकू गेली होती, भावाचा आवाजही गेला असणार, तो जाड आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातोडी उचलली आणि पुन्हा ठोकायला लागले.

"नाहीत," मी भावाला म्हणाले. "घरात नाहीत ते."

आतून ठक, ठक आवाज येत होता. आम्ही दोघं बहीणभाऊ उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे होतो. तो ऐकत राहिला. त्याचे कान चांगले आहेत. मग त्याने डबा चपलांच्या शेजारी ठेवला आणि जिना उतरून गेला.