कोशातली नदी

कोश उकळत्या पाण्यात टाकण्याआधी कानाशी धरून हलवायचा, अशी त्या रेशीमघराची रीत होती. आतला किडा खुळखुळला की कोश तयार. हे काम आत्याने भाचीकडे दिलं होतं, कारण पोरीचे कान भारी तिखट. "मांजराने जांभई दिली तरी हिला जाग येते," असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

त्या वर्षी नदी आटली. विहिरीच्या तळाशी नुसता चिखल. भट्टीवरच्या हंड्यात होतं तेवढंच पाणी उरलं होतं. ते संपलं की घराला कुलूप घालून, धागा गुंडाळायचे रहाट पाठीवर बांधून, पाय नेतील तिकडे जायचं. निम्मं गाव तसंच गेलं होतं.

"हात चालव गं ठमे. पाणी काही तुझी वाट बघत बसणार नाही."

पोरीने टोपलीच्या तळाचा कोश उचलला. चांगला मुठीएवढा, आणि भट्टीशेजारी असूनही गार. हलवला, खुळखुळला नाही. कानाशी धरला, तर आत पाणी वाहत होतं. कुठेतरी लांब, दगडगोट्यांवरून.

"आत्या, ह्याच्यात नदी आहे."

"आणि माझ्या डोक्यात समुद्र! टाक हंड्यात."

"मरेल गं ते."

"अगं, सगळेच मरतात, तेव्हा कुठे अखंड धागा निघतो. जिवंत ठेवलास तर कोश फोडून उडून जाईल, आणि हातात चिंध्या. मग बस रडत."

पोरीचा हात हंड्यावर गेला. वाफेने बोटं पोळली तरी तिला कोश सोडवेना. मग तिने नको ते केलं. कोशाला जीभ लावली आणि थुंकीने धाग्याचं टोक मोकळं केलं. जुन्या बायका बजावून सांगायच्या, असं कधी करू नका, किड्याला तुमची ओळख पटते.

"उष्टावलास ना! कार्टे, थंड धागा दोन फेऱ्यांत तुटतो!"

पोरीने टोक रहाटाला लावून तो फिरवला. दोन फेऱ्या झाल्या. रहाट भरला. दुसरा भरला. आत्या रिकामे रहाट पुढे सरकवू लागली. धागा निळसर होता, बोटं ओली करत येत होता. कोश पातळ होत होत आरपार दिसू लागला. आत वेटोळं घालून कुणीतरी झोपलं होतं. बोटभर अंग, लांब मिशा, खवल्याखवल्यातून उजेड.

शेवटचा वेढा सुटला. त्या चिमुकल्या नागराजाने डोळे उघडले, पोरीकडे ओळखीचं माणूस भेटावं तसं बघितलं, तिचा पोळलेला अंगठा चाटला, आणि सळसळत जाऊन विहिरीत उडी घेतली.

"गेलं," आत्या म्हणाली.

पोरीने हात वर केला. "थांब. ऐक."

"मला कुठे तुझे कान..."

विहीर गरजली. पाण्याचा खांब उसळला आणि त्यातून तो वर चढू लागला. शेपटी विहिरीतच होती, तोवर डोकं डोंगरापलीकडे पोचलं. अंगणात त्याची सावली पडली आणि भट्टी फुस्स करून विझली. लांब कोरड्या पात्रात दगड हलले, गडगडले, आणि मग खळखळ सुरू झाली.

"ठमे," आत्याने तिचा हात घट्ट धरला, "मलासुद्धा ऐकू येतंय गं."