चारही ऐंशी

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. ट्रकचे नव्हे, पाण्याच्या पंपाचेही नव्हे, तर दोनच माणसे बसतील अशा बुटक्या लाल स्पोर्ट्स कारचे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण आता माझ्याकडे पाहून कुणाला ते खरे वाटत नाही.

एका मोठ्या कारखान्यात वितळलेले लोखंड साच्यात ओतून मला घडवले. माझ्या पोटात चार सिलिंडर कोरले आणि तपासणाऱ्या बाईने माझ्या अंगावर खडूने खूण केली. ती खूण पहिल्याच धुण्यात गेली. तिचा तोरा मात्र माझ्या अंगात पुष्कळ वर्षे राहिला.

आमची गाडी घेतली एका चष्मेवाल्याने. दिवसभर काचा घासणारा, हळू बोलणारा हा गृहस्थ असली गाडी घेतो म्हटल्यावर नातेवाइकांनी तोंडात बोटे घातली. पण सुट्टीच्या दिवशी डोंगराच्या वळणांवर मी जो सूर लावत असे, तो ऐकून त्याचा चेहरा उजळायचा. रोज सकाळी मला सुरू केले, की तो बॉनेट उघडून माझ्या झाकणावर क्षणभर तळहात ठेवायचा. तेवढ्याने माझा दिवस चांगला जाई.

त्याचा एक नियम होता. मुलगी अठरा वर्षांची झाली तेव्हा त्याने तिला शेजारी बसवून बजावले, "सुरू करताना ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. इंजिनला उगाच पेट्रोल पाजायचं नाही." एकदा ती विसरली. मला पेट्रोलचा ठसका लागला आणि दोघांना गाडी ढकलत घरी आणावी लागली. त्या दिवसापासून गाडी सुरू करताना मुलीचा पाय चुकूनही तिकडे गेला नाही.

पावणेदोन लाख किलोमीटर झाल्यावर मेकॅनिककाकांनी मला पहिल्यांदा उघडले. माझे झिजलेले सिलिंडर घासून रुंद केले आणि मोठे पिस्टन बसवले. "आता पुन्हा घासता येणार नाही, भिंतच उरणार नाही," असे तेव्हाच त्यांनी सांगून ठेवले होते.

पुढे चष्मेवाल्याचे गुडघे दुखू लागले. बुटक्या गाडीत बसणे त्याला जमेना. तीन वर्षे मी ताडपत्रीखाली पडून होतो. एका पालीखेरीज कुणी माझी विचारपूस केली नाही, याचे वाईट वाटते ते वाटतेच. मग मुलीने दुकान हाती घेतले आणि गाडीही. साडेतीन लाखांचा आकडा पार झाला. सकाळी सुरू होताना मी निळा धूर सोडू लागलो, ऑइल पिऊ लागलो. शेवटी बापलेक मला काकांच्या गॅरेजमध्ये घेऊन आले. मला उघडून पुन्हा बांधायचे की उतरवून टाकायचे, हे ठरायचे होते.

काकांनी प्लग काढले आणि दाब मोजायचे मीटर लावले. एरवी असे मोजताना गाडीत काकू बसतात. त्या कार्बोरेटर दुरुस्त करण्यात पटाईत, आणि नवराबायकोला कामात एकमेकांना काही सांगावे लागत नाही. त्या दिवशी मुलगी म्हणाली, "काका, मी बसते. माझ्याच हातानं होऊ दे."

तिने चावी फिरवली. मी फिरलो, पण मला श्वासच पुरेना. काकांनी पाटीवर लिहिले, ऐंशी. चारही सिलिंडर ऐंशीच्या आसपास. दीडशेच्या आसपास हवे होते. मलाही वाटले, आले म्हातारपण.

"संपलंय हे," काका म्हणाले. "घासायला जागा नाही. अपघातातल्या एका गाडीचं इंजिन मिळतंय, ते बसवू."

"आणि हे?" मुलीने विचारले.

"भंगारात."

"मग ती बाबांचीच गाडी राहील ना?"

काका फडक्याने हात पुसत बसले. चष्मेवाला खुर्चीतून कसाबसा उठला, माझ्या झाकणावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "उतरवा मग." मला रडता येत असते तर मी रडलो असतो.

काकांनी मला साखळी अडकवली. दोन बोल्ट सैल केले. तेवढ्यात काकू हात धुऊन आल्या आणि पाटीकडे पाहून थबकल्या.

"चारही सारखेच? चौघं एकदम सारखे म्हातारे होतात होय? आपल्या घरात तुमचं कंबरडं गेलं, माझं अजून ठणठणीत आहे."

"मीटर काय खोटं बोलतं?" काका म्हणाले.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पोरी, चावी फिरवताना तुझा पाय कुठे होता?"

"खाली. तुम्हीच शिकवलंय ना बाबा, सुरू करताना पाय लावायचा नाही."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मोजताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा असतो. नाहीतर हवेचं दारच बंद राहतं. ही बसते तेव्हा सांगावं लागत नाही, म्हणून मी सांगितलंच नाही."

मुलगी पुन्हा आत बसली. तिने पाय ॲक्सिलरेटरवर नेला आणि तसाच अधांतरी धरला. बावीस वर्षांची सवय होती. "बाबा, दाबू?"

"दाब. पूर्ण दाब."

हवा आत आली. मी पोटभर श्वास घेतला. दीडशे, एकशे पंचेचाळीस, दीडशे, एकशे चाळीस. काकांनी जुने आकडे बाहीनेच पुसले. धुराचा दोष माझ्या व्हॉल्व्हवरच्या रबरी टोप्यांचा निघाला. कडक झालेल्या त्या आठ टोप्या काकूंनी दोन दिवसांत बदलल्या. मला उघडायची गरजच नव्हती.

मित्रांनो, जुने झाले म्हणून कुणाला मोडीत काढण्याआधी त्याला एकदा पुरता श्वास घेऊ द्या. मोजणाऱ्याचा पाय कुठे आहे, तेही पाहा. मी आजही धावतो. मुलगी सुरू करताना ॲक्सिलरेटरला पाय लावत नाही. मी सुरू झालो, की ती उतरते, बॉनेट उघडते आणि वडिलांचा हात धरून माझ्या झाकणावर ठेवते.