दुसऱ्यांदा दिलेली घोडी

मी एक घोडी बोलतेय. माणसांनी आजवर मला पुष्कळ ऐकवलं, आज जरा तुम्ही ऐका. रंगानं मी तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. स्वभावानं चावरी आहे असं म्हणतात. ते खोटं नाही. पण ज्यांना मी चावले त्यांनी आधी काय केलं होतं, हे कुणी विचारत नाही.

माझा जन्म डोंगरावरच्या कुरणात, कासमाली अकेंच्या कळपात झाला. अके हा वडीलधाऱ्याला द्यायचा मान, आणि या म्हाताऱ्याला तो शोभायचा. जन्मले त्या दिवशी गारा पडत होत्या आणि माझे पाय काही जमिनीवर ठरत नव्हते. अकेंनी स्वतःचा कोट काढून मला त्यात गुंडाळलं आणि तंबूत चुलीपाशी नेलं. त्यांची बायको नंतर तो कोट धुताना बराच वेळ बडबडत होती म्हणे.

मला वाढवलं मात्र जपारनं. तो अकेंचा घोड्यांचा कळप राखायचा. उन्हाळा वर कुरणात काढायचा, बर्फ पडायच्या आत खाली उतरायचं, आणि उतरल्यावर त्याला मजुरी म्हणून एक घोडं मिळायचं. लिखापढी कसली नाही. हातात हात दिला की व्यवहार झाला.

या वसंतात जपारची बायको अनिपा आजारी पडली. तिच्या यकृतात पाण्याची गाठ निघाली. कुत्र्यामेंढ्यांत आयुष्य काढणाऱ्यांना आमच्याकडे हा रोग गाठतोच. जपार अकेंपुढे टोपी हातात घेऊन उभा राहिला. अकेंनी कळपातलं एक शिंगरू सोडून त्याच्या हाती दिलं. म्हणाले, ही येत्या उन्हाळ्याची मजुरी, आता शरदात काही मागू नकोस म्हणजे झालं. तेव्हा तिथे ते दोघे होते आणि आम्ही घोडी होतो. आम्हाला कोण विचारतो!

जपारनं शिंगरू विकून अनिपाच्या तपासण्या केल्या, औषधं आणली. इकडे चार दिवसांत अकेंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांचा मुलगा मेलिस शहरातून धावत आला आणि कारभार त्याच्या गळ्यात पडला. कळपात एक शिंगरू कमी दिसलं, ते त्यानं लांडग्याच्या नावावर लिहून टाकलं.

जपारनं घेतलेल्या मजुरीचा उन्हाळा प्रामाणिकपणे राखला. खाली उतरल्यावर त्यानं काम सोडलं, कारण अनिपाला एकटं ठेवण्यासारखी तिची तब्येत राहिली नव्हती. थोड्या दिवसांनी मेलिस मला घेऊन त्याच्या दारात हजर झाला. आमच्या घरानं कुणाची मजुरी बुडवलेली नाही, बाबांच्या आजारपणात द्यायची राहिली, राग मानू नकोस, असं म्हणून त्यानं माझा दोर पुढे केला.

जपारनं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून अनिपाचं कण्हणं ऐकू आलं. त्यानं तोंड मिटलं आणि दोर घेतला.

मला त्याचा राग आला नाही, हे आधीच सांगते. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिवाळ्याच्या आत शस्त्रक्रिया करा, गाठ आतल्या आत फुटली तर आमच्या हातात काही नाही. शस्त्रक्रियेला पैसा हवा होता आणि जपारच्या अंगणात विकण्याजोगी वस्तू एकच होती, ती मी.

शेजारचा सादिर ट्रक चालवायचा. अक्कल वाटत फिरायची त्याला भारी हौस. जपारनं त्याच्यापाशी मन मोकळं केलं, घोडी परत करू का म्हणून विचारलं. तो कुंपणावर रेलून म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. अन् तू दुसरा डोळा परत करायला निघालास? रविवारी बाजारात घाल. लोक हिवाळ्याच्या बेगमीला घोडी शोधतायत, हातोहात जाईल."

बेगमी म्हणजे मांस. मी त्या दिवशी सादिरला चावले.

शनिवारी सकाळी जपार मला खरारा करत होता. बाजारात नेण्यापूर्वी करतात तसा, अगदी मन लावून. अनिपा भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि दारातच बसली. तिचा चेहरा पिवळा पडला होता. ही शरदाची मजुरी का, असं तिनं विचारलं. जपारनं मान हलवली.

"मग वसंतात अकेंनी दिलं ते काय होतं?"

जपारचा हात थांबला. तो म्हणाला, "मेलिसला ठाऊक नाही. अके बोलू शकत नाहीत."

"म्हणून आपण खायचं होय? ज्याला बोलता येतं त्याच्याशी भांडून घे, मी आड येणार नाही. मुक्या माणसाचं मला नाही पचायचं."

"अगं, तू मेलीस तर मी काय करू?"

"रड. पण तोंड लपवून रडायची वेळ आणू नकोस."

जपारनं खरारा टाकला आणि माझ्या मानेत तोंड खुपसून तो तिथंच ढसाढसा रडला. मी जागची हलले नाही. आम्हाला दुसरं करता तरी काय येतं?

तो मला घेऊन निघाला. माझ्यावर बसला नाही, आठ कोस चालला. अकेंच्या अंगणात पोचून त्यानं मेलिसला सगळं सांगितलं. "वसंतातलं शिंगरू अकेंनी दिलं होतं, तीच माझी मजुरी. ही घोडी तू चुकून दिलीस, परत घे."

मला वाटलं, आता मेलिस याला पोटाशी धरेल. पण त्याचा चेहरा काळवंडला.

"म्हणजे ते शिंगरू लांडग्यानं नाही, तू नेलंस. आणि आता साक्षीला बाबांचं नाव सांगतोस? ते तर विचारशील त्याला मान हलवतात. सूर्य पश्चिमेला उगवतो का विचार, हो म्हणतील."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. एवढा वेळ उभा असलेला जपार हळूहळू खाली बसला. घोडीही गेली आणि वर चोरीचा आळ आला. हे घेऊन तो अनिपापुढे कसा जाणार होता?

अके भिंतीपाशी उन्हात बाकावर बसले होते. ते घशातून आवाज करू लागले. मेलिसनं लक्ष दिलं नाही. मी मात्र दोर ओढत त्यांच्याजवळ गेले. त्यांनी डावा हात उचलला, माझ्या ओठांवरून फिरवला आणि लागलेली लाळ आपल्या कोटाला पुसली. आमच्याकडे जनावर दुसऱ्याला देताना धनी असं करतो. जनावर जावं पण बरकत घरात राहावी, म्हणून. देणं नसेल तर हे कुणी करत नाही, चेष्टेतसुद्धा नाही. मग तो हात त्यांनी जपारकडे केला. पुन्हा पुसला, पुन्हा जपारकडे केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मेलिस बघत राहिला. मग त्यानं येऊन जपारला दंडाला धरून उठवलं.

"मला माफ कर, भाऊ. शिंगरू बाबांनीच दिलं होतं. माझी जीभ झडो."

"अनिपाची शस्त्रक्रिया..." जपार म्हणाला.

मेलिसनं मान खाली घातली. बाबांच्या औषधापायी अर्धा कळप गेलाय, हातात रोकड नाही, घोडी देऊन टाकली तर घर बसेल, हे त्यानं सांगितलं. ते खरं होतं. कळपाची ती दशा मी पाहिली आहे. मग त्यानं माझ्या पोटावर हात ठेवला. मी गाभण आहे हे त्याला माहीत होतं.

"हिला यंदा कापणार नाही. वसंतात जे होईल ते तुझं. बाबांचा हात फिरलाय, तो खोटा पडू देणार नाही."

जपारनं त्याचा हात हातात घेतला आणि तो रिकामाच घराकडे वळला. मी त्याच्यामागे खिंकाळले. त्यानं वळून पाहिलं नाही.

आता बर्फ पडलंय. मी अकेंच्या गोठ्यात उभी आहे. मला गवत वेळेवर मिळतं, पाणी कोमट करून मिळतं, एवढे लाड माझे कधी झाले नव्हते. पोटात पोर लाथा मारतं. ते जपारचं आहे, अनिपाचं आहे. पण आमचं पोर पोटातून घाईनं येत नाही, आणि माणसाच्या पोटातली गाठ वसंताची वाट पाहत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बोलण्यात जपारच्या घराचं नाव निघतं का, एवढ्यासाठी मी दिवसभर कान टवकारून असते.

मी होईल तेवढं खातेय. अनिपा, तू तेवढी थांब गं बाई.